पंचिंगवाल्या मावशी

समोरचा बोलत असायचा आणि मावशींच्या उजव्या हाताची बोटं त्यांच्याच गुडघ्यावर चालू असायची. आळीपाळीनं, टपटप. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, कंपवाताची सुरुवात असावी. एकदा धीर करून विचारलं.

"कंप न्हाय गं," त्या म्हणाल्या. "तू बोलतीयास ते टाकाय लागलोय."

"टाकायला म्हणजे?"

"पंच. कार्डावर. एवढी वर्सं झाली, सवय जात न्हाय. वैताग नुसता!"

'वैताग नुसता' हा त्यांचा पूर्णविराम होता. कोल्हापुरातल्या पुष्कळ बायकांसारख्या त्या स्वतःबद्दल 'मी आलो, मी गेलो' असंच बोलायच्या, आणि ते येणं-जाणं बहुतेक वेळा कुणावर तरी चिडूनच असायचं. उचगावात आमची छोटी इमारत. त्या दुसऱ्या मजल्यावर एकट्या, मी त्यांच्या डोक्यावर तिसऱ्या. लिफ्ट होती, पण ती फक्त भाडेकरूंना दाखवायला. जिना चढताना मावशी प्रत्येक वळणावर थांबायच्या आणि लिफ्टच्या बंद दाराला दोन शब्द सुनवायच्या. पाण्याचा टँकर, केबलवाला, शेजारच्या गिरणीचा पट्टा, कुणीही त्यांच्या तावडीतून सुटत नसे. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. अशी माणसं सकाळी भेटली की दिवसभर आपणही विनाकारण कुरकुरत राहतो.

त्यांचा मोबाइल नेहमी माझ्याकडे दुरुस्तीला असायचा. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या ऑफिसात मी कॉम्प्युटरचं काम करते, म्हणजे जगातलं कुठलंही यंत्र मला दुरुस्त करता येतं असा त्यांचा समज. एकदा कसल्याशा अर्जासाठी फोननं त्यांना चित्रांतले सिग्नल ओळखायला लावले. त्या फोन घेऊन वर आल्या.

"मी मानूस हाय का न्हाय, हे मला यंत्र इचारतंय! त्याला म्हनावं, तू कोन ते आधी सांग."

त्यांनी तरुणपणी शहरातल्या एका खासगी गणकयंत्र केंद्रात पंच ऑपरेटर म्हणून काम केलं होतं. ते केंद्र कधीच बंद पडलं. त्या काळी कॉम्प्युटरला माहिती द्यायची ती पुठ्ठ्याच्या पातळ, लांबट कार्डांवर भोकं पाडून. एक अक्षर म्हणजे एक उभी ओळ, त्या ओळीत कुठे भोक आहे त्यावरून यंत्र अक्षर ओळखणार. कळा दाबायच्या, खाडखाड आवाज व्हायचा, कार्ड पुढे सरकायचं. "यंत्राच्या खोलीत गार हवा," मावशी सांगायच्या, "आनि आमच्या खोलीत एक पंखा. त्यो बी लावला की कार्डं उडायची, म्हनून बंद. घामानं बोटं कळंवरनं घसरायची."

आता माझा उत्साह बघा. एकदा इंटरनेटवर मला एक पान सापडलं. तुम्ही काहीही टाइप करा, ते तुम्हाला जुन्या पंच कार्डाच्या रूपात दाखवणार. बदामी रंगाचं कार्ड, कापलेला कोपरा, वर अक्षरं आणि खाली त्यांची चौकोनी भोकं. मी लॅपटॉप घेऊन धावतच खाली गेले. मावशींच्या डोळ्यांत पाणी येणार, त्या जुन्या आठवणी सांगणार, असं सगळं चित्र माझ्या मनात तयार होतं.

त्यांनी चष्मा लावला. स्वतःचं नाव टाकलं. कार्डावर भोकं उमटली. त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"आवाज कुठाय?" त्यांनी विचारलं.

"आवाज नाहीये मावशी. फक्त चित्र."

"मुकं हाय व्हय." मग आडनाव टाकताना त्यांचं एक अक्षर चुकलं. माझा हात सवयीनं पुढे गेला आणि मी ते खोडलं. भोक नाहीसं झालं, ती जागा पुन्हा कोरी.

मावशींनी लॅपटॉपवरून हात उचलले. "भोक कुठं गेलं?"

"खोडलं मी."

"खोडलं? अगं, भोक पडलं की पडलं. बुजतंय व्हय कधी? चुकलं तर कार्ड फेकायचं आनि पयल्यापास्नं नवीन. हे कसलं सोंग काढलंय? वैताग नुसता!" आणि मला चहासुद्धा न विचारता त्या आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला निघाले तर त्या माझ्या दारात उभ्या. "ते कालचं दाखीव परत."

तिथून माझा वैताग सुरू झाला. त्यांना हवं तसं पान मीच बनवून द्यायचं ठरलं. ठरलं म्हणजे त्यांनी ठरवलं. मी खोडायची सोय काढून टाकली, प्रत्येक भोकाला खाडकन आवाज दिला. त्यांनी ऐकून सांगितलं, "ही तर डब्याची झाकनं पडाय लागली." चार वेगवेगळे आवाज करून झाले. मग कापलेला कोपरा. मी डाव्या हाताला दाखवला होता, त्या म्हणाल्या उजव्या. मी इंटरनेटवरची जुनी कार्डं दाखवली, सगळ्यांचा कोपरा डावीकडे.

"नेटला काय कळतंय? नेट आलतं व्हय तिथं कामाला?"

"बरं, मग या भोकांवरून सांगा, हे अक्षर कुठलं?"

"मला काय ठावं? आमी कुठं भोकं वाचायचो? कळ दाबायची, वर अक्षर छापून यायचं. भोकं यंत्र वाचायचं. तू आपली कायबी इचारतीयास."

मी कपाळाला हात लावला. ज्या बाईला भोकं वाचता येत नाहीत, कोपरा आठवत नाही, ती माझी प्रत्येक सुट्टी खात होती. मराठी अक्षरं तर त्या कार्डांवर नव्हतीच, सगळं मोठ्या इंग्रजी अक्षरांत. त्यावरूनही त्या माझ्यावरच चिडल्या, जणू ते कार्ड मीच शोधून काढलं होतं.

आणि एवढं सगळं झाल्यावर एका संध्याकाळी म्हणाल्या, "ह्यात तपासनी न्हाय."

"तपासणी म्हणजे?"

मग त्यांनी समजावलं. एकीनं टाकलेलं कार्ड दुसरीच्या यंत्रात जायचं. दुसरी त्याच कागदावरून तेच सगळं पुन्हा टाकायची. दोघींचं जुळलं तर कार्डाच्या कडेला छोटी खाच पडायची, आणि न जुळलं तर यंत्र अडून बसायचं. "मी टाकायचो आनि शालन तपासायची," मावशी म्हणाल्या.

शालन हे नाव मी पहिल्यांदाच ऐकलं. "त्या कुठे असतात आता?"

"जयसिंगपूरला. मेली बी आसंल."

ज्या सुरात त्यांनी हे म्हटलं त्यावरून मला कळलं की हा केबलवाल्यावरचा राग नाही.

गोष्ट त्यांनी एका बैठकीत सांगितली नाही. तुकड्या-तुकड्यानं, मध्येच लिफ्टला शिव्या देत सांगितली. मी जोडून सांगते.

मावशी बौद्ध घरातल्या. वडील हमाली करायचे, आणि टायपिंग शिकून ऑफिसात नोकरीला लागलेली त्यांच्या गल्लीतली ही पहिली मुलगी. शालन शिरोळकडच्या शेतकरी मराठा घरातली. केंद्रात दोघींची टेबलं शेजारी, डबा एकत्र, सुट्टीच्या दिवशी रंकाळ्यावर भेळही एकत्र. एकदा कुठल्याशा नोकरभरतीच्या परीक्षेचे नंबर पंच करायला आले. कागद हातानं लिहिलेले, आणि लिहिणाऱ्याचा एक आणि सात सारखाच. मावशींनी एका ठिकाणी साताचा एक वाचला. तपासताना शालनलाही तो एकच दिसला. दोघींचं जुळलं, कडेला खाच पडली, यंत्राच्या लेखी सगळं बरोबर. पण पास झालेल्या एका मुलाचा नंबर यादीत आलाच नाही. त्याचे वडील येऊन केंद्राच्या फाटकापाशी बसून राहिले.

साहेबांनी दोघींना सगळ्यांसमोर उभं केलं. आणि बोलले मात्र एकीलाच. "लक्ष कुठं असतं तुमचं? तुम्हा लोकांना आत घेतलं, हीच माझी चूक झाली."

"शालन माझ्या शेजारी हुती," मावशी म्हणाल्या. "खांद्याला खांदा लागत हुता. एक शब्द बोलायचा हुता तिनं. मला पन तसंच दिसलं, एवढाच. ती फरशीकडं बघत ऱ्हायली."

मावशींना यंत्रावरून उठवून कार्डांचे गठ्ठे बांधायला कोठीत बसवलं. केंद्र बंद होईपर्यंत त्या तिथेच होत्या. शालन पुढे सुपरवायझर झाली. तेव्हापासून दोघींचं बोलणं नाही.

हे ऐकल्यावर मी तपासणीची सोय निमूट करून दिली. एकीनं टाकायचं, मग दुसरीनं तेच टाकायचं, जुळलं की पडद्यावरच्या कार्डाच्या कडेला खाच. मावशींनी ती पाहिली आणि पहिल्यांदाच कसलीही खोट काढली नाही. फक्त म्हणाल्या, "ऐतवारी तुजी गाडी हाय का?"

"कुठे जायचंय?"

"जयसिंगपूरला. कोपरा कुठल्या हाताला हुता ते इचारून येऊ."

पत्ता त्यांच्याजवळ होता. मरून गेली असेल म्हणणाऱ्या बाईकडे पत्ता होता.

बाजारपेठेमागच्या गल्लीत शालनबाईंचं घर. त्या पुढच्या खोलीत पलंगावर बसल्या होत्या, गुडघ्यांना तेल लावत. अंगानं भारी, केस पांढरेशुभ्र. मावशी उंबऱ्यात उभ्या राहिल्या. शालनबाईंनी डोळे बारीक करून पाहिलं आणि त्यांच्या हातातली तेलाची वाटी कलंडली.

"तू व्हय?"

"मीच. कार्डाचा कोपरा कुठल्या हाताला कापल्याला असायचा?"

"आं?"

"कोपरा, कोपरा. डावा का उजवा?"

"डावा की."

"उजवा! तुला न्हेमी उलटंच दिसायचं."

"अगं, डावा! गठ्ठा लावताना आंगठा कुठं यायचा?"

पाच मिनिटं दोघी तारस्वरात भांडत होत्या. सून आतून बघायला आली, तेल पुसून घाबरून परत गेली. मला वाटलं, चला, जमलं. इतकी वर्षं बोलणं नव्हतं आणि आता थांबवून थांबेनात.

मग मावशींनी मला लॅपटॉप उघडायला सांगितलं. पलंगावर शालनबाईंच्या शेजारी बसल्या. "आता मी टाकतो, तू तपास. पयल्यासारखं." पडदा स्वतःकडे वळवून त्यांनी काहीतरी टाकलं, इंग्रजी अक्षरांत मराठी वाक्य. मला दिसत होतं. पहिलं कार्ड चुकलं, दुसरंही चुकलं, वैतागून तिसरं घेतलं. मग लॅपटॉप शालनबाईंपुढे सरकवला.

"मी सांगतो, तू टाक. 'मला.'"

शालनबाईंची बोटं संधिवातानं वाकडी झालेली. एकेक कळ शोधत त्यांनी ते टाकलं.

"'पन.'"

तेही टाकलं.

"'तसंच दिसलं.'"

शालनबाईंचे हात थांबले. पुढचं अक्षर पडेना. सून चहाचा ट्रे घेऊन आली, तिला त्यांनी हातानंच परत पाठवलं. मग त्यांनी लॅपटॉप बाजूला सारला आणि तोंडानंच म्हणाल्या, "मला पन तसंच दिसलं हुतं गं. एकच दिसला. सात न्हवता त्यो."

"मग बोलली का न्हाईस?"

"भ्यालो. साहेब माज्याकडं बघत हुता. बोललो असतो तर दोघी गेलो असतो."

"दोघी गेलो असतो तर मी एकटी पडलो नसतो."

शालनबाई रडायला लागल्या. मावशी रडल्या नाहीत. उठून पदर खोचला आणि दाराकडे निघाल्या. मी लॅपटॉप बंद करायच्या धडपडीत. शालनबाई पलंगावरून हाका मारत होत्या, "अगं, च्या तरी घे, बस की!" मावशी दाराबाहेरच्या पायऱ्या उतरूनही गेल्या.

हातकणंगले मागे पडलं. शेवटी मला राहवलं नाही. म्हटलं, "मावशी, त्यांनी कबूल केलं ना? अजून काय पाहिजे होतं तुम्हाला?"

"कबूल केलं. पन कुनाला सांगितलं तिनं?" त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "मलाच. मला तर म्हाईतच हुतं की."

मी गाडी चालवत राहिले.

निघताना मी मावशींचा नंबर सुनेला देऊन आले होते. पुढे शालनबाईंचे फोन यायला लागले. मावशी कधी उचलायच्या, कधी नाही. उचलला की गुडघ्यांवर, सुनेवर, गोळ्यांवर बोलणं व्हायचं, आणि ठेवताना मावशी एक वाक्य म्हणायच्या, "ते तिथं म्हनायचं हुतंस." शालनबाई म्हणायच्या, तिथं म्हणजे कुठं, ते केंद्र पाडून दुकानं झाली, साहेब वारला. "मानसं हाईत की अजून," असं म्हणून मावशी फोन ठेवायच्या.

माणसं होती. केंद्रातली जुनी मंडळी वर्षातून एकदा शहरातल्या एका हॉलमध्ये जेवायला जमतात. मावशी पहिल्या वर्षी गेल्या होत्या. तिथे कुणीतरी हसत हसत जुनी गंमत सांगितली, आपल्याकडच्या एकीनं एका पोराचा नंबरच कसा उडवला त्याची. सगळे हसले. ती एक तिथेच ताट घेऊन बसली आहे, हे सांगणाऱ्याच्या ध्यानातही नव्हतं. त्यानंतर त्या कधी गेल्या नाहीत.

उन्हाळ्यात मावशींना ताप आला. हॉस्पिटलमध्येही त्या नर्सवर, सलाइनवर, खाटेच्या पायावर चिडत होत्या, त्यामुळे आम्ही निर्धास्त होतो. पण न्यूमोनिया झाला आणि मावशी गेल्या. भाचा आला, सगळं उरकलं, सामान टेंपोत भरून नेलं. त्यांचा फोनही त्यानंच नेला, आणि शालनबाईंचा नंबर मी कधी घेतलाच नव्हता. जयसिंगपूरला जाऊन यायचं असं रोज म्हणत राहिले.

पावसाळ्यानंतर शालनबाईंचाच फोन आला. माझा नंबर त्यांनी माझ्या फाउंड्रीत काम करणाऱ्या कुणाकडून तरी मिळवला होता. "बाई, हिचा फोन लागंना झालाय. रुसलीया व्हय परत? तिला म्हनावं, ह्या वर्साच्या जेवनाला मी येनार हाय आनि तिथं बोलनार हाय. तू आन तिला. कायबी करून आन."

मला ते फोनवर सांगावं लागलं.

"मग तू ये," त्या शेवटी म्हणाल्या. "कुनीतरी तिच्याकडचं पायजे."

मी गेले. वीस-पंचवीस म्हातारी माणसं, मागच्या टेबलावर मसालेभात, माइक सारखा शिट्टी मारत होता. शालनबाई नातवाचा आधार घेऊन उभ्या राहिल्या. त्यांनी मावशींचं पूर्ण नाव घेतलं. म्हणाल्या, "त्या नंबराची चूक दोघींची हुती. तिनं एक टाकला, मी बी एकच टाकला. शिक्षा तिला एकलीला झाली, आनि ती तिच्या जातीपायी झाली. साहेब काय बोलला ते हितल्या सगळ्यांनी ऐकलंय. मी गप बसलो. तुमी बी गप बसला."

पुढच्या रांगेतले एक गृहस्थ म्हणाले, "आता कशाला जुनं उकरायचं, बाई? मानूस गेलं बिचारं." मागे एका बाईंनी चष्मा काढून पदरानं डोळे पुसले. बाकीचे आपापल्या चपलांकडे बघत होते. मग कुणीतरी म्हणालं, वाढायला घ्या, आणि खुर्च्या सरकायला लागल्या. शालनबाई माइक हातात धरून तशाच उभ्या होत्या. मी जाऊन त्यांना बसवलं. आम्ही दोघी न जेवताच बाहेर पडलो.

उचगावला आले तेव्हा दिवेलागण झाली होती. मी जिना भराभर चढले, काहीतरी सांगायचं असलं की चढतो तसा. दुसऱ्या मजल्यावर माझे पाय आपोआप थांबले. मावशींच्या दाराबाहेर नव्या भाडेकरूंच्या चपला होत्या, आतून कुकरची शिट्टी ऐकू येत होती. चाहूल लागून एका तरुण बाईनं दार उघडलं.

"कोन पायजे, ताई?"

माझ्या तोंडात सगळं वाक्य तयार होतं. मी म्हटलं, "कुणी नाही. मी वरच राहते," आणि पुढचा जिना चढायला लागले.